घर दाखवणाऱ्याची परीक्षा

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या आपल्या बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यात एक माणूस कधी ना कधी येतोच. तो नात्यातला नसतो, पण घरात किती माणसे आहेत, महिन्याची कमाई किती, मुलगी कोणत्या शाळेत जाते, हे सगळे त्याला पाच मिनिटांत कळते. त्याच्या खिशात चाव्यांचा जुडगा असतो आणि फोन सतत वाजत असतो. जोगेश्वरी, ओशिवरा, मालवणी, साकीनाका, कुर्ला, असल्फा, कुठेही जा, त्याच्या दुकानाच्या काचेवर कागद चिकटवलेले दिसतात : वन आरके, वन बीएचके, हेवी डिपॉझिट, फॅमिली ओन्ली. कोणी त्याला एजंट म्हणते, कोणी ब्रोकर, कोणी सरळ दलाल.

या माणसाच्या शब्दावर आपण आयुष्याची पुंजी बाहेर काढतो. बायकोचे दागिने मोडून उभारलेले डिपॉझिट, आखातातून भावाने पाठवलेले पैसे, अब्बांच्या निवृत्तीची रक्कम, सगळे त्याच्या एका वाक्यावर : "टेन्शन मत लो, अपना आदमी है." रिक्षा चालवायला लायसन्स आणि बॅज लागतो. शाळेत शिकवायला डीएड किंवा बीएड लागते, आता टीईटीही लागते. मग ज्याच्या हातून एका घराचे लाखो रुपये जातात त्याला काय येते, हे कोणी तपासले आहे का?

अनेक वर्षे याचे उत्तर 'कोणी नाही' असेच होते. आता ते अर्धे बदलले आहे. कोणते अर्धे बदलले आणि कोणते तसेच राहिले, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे. फसवणूक नेमकी त्या उरलेल्या अर्ध्यातच होते.

दलाली : धंदा जुना, जबाबदारीही जुनी

आपल्या बोलण्यात 'दलाल' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. ते योग्य नाही. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभा राहून सौदा जुळवणाऱ्याला अरबीत 'सिमसार' म्हणतात. हदीसच्या संग्रहांत हज़रत कैस बिन अबी गरज़ा (रजि.) यांची रिवायत आहे. मदीनेच्या बाजारात त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना लोक सिमसार म्हणत. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्याकडे आले आणि त्यांनी या लोकांना त्याहून चांगले नाव दिले : ताजिर, म्हणजे व्यापारी. पण नाव देतानाच समजही दिली. खरेदी-विक्रीत वायफळ बोलणे आणि उठसूट शपथा येतातच, म्हणून तुमच्या व्यापारात सदक़ा मिसळत जा. म्हणजे धंद्याला इज्जत दिली आणि त्याचा दोष कुठे आहे तेही दाखवून दिले. दोष जिभेत आहे.

दलालाने मेहनताना घ्यावा की नाही, हा प्रश्नही जुनाच. सहीह बुखारीत इजारा म्हणजे मजुरी-भाड्याच्या प्रकरणात यावर स्वतंत्र भाग आहे. त्यात इब्ने सीरीन, अता, इब्राहीम आणि हसन या बुजुर्गांना दलालाच्या उजरतीत काही हरकत वाटत नव्हती, असे नोंदवले आहे. तेव्हा घर शोधून देणाऱ्याची कमाई हलाल होऊ शकते. मात्र उजरत आधी ठरलेली असावी, काम खरोखर झालेले असावे आणि दोष लपवलेला नसावा.

दोष लपवण्याबद्दल सहीह मुस्लिममधला प्रसंग आपल्या मुलांनाही पाठ असतो. बाजारात धान्याच्या राशीत प्रेषितांनी (स.) हात घातला, तर आतले धान्य ओले निघाले. विक्रेता म्हणाला, पाऊस पडला होता. प्रेषितांनी (स.) विचारले, मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. आणि फसवणारा आमच्यातला नाही, असे बजावले. आज ओले धान्य म्हणजे काय? नुकताच रंग दिलेल्या भिंतीमागची ओल. दिवसातून वीस मिनिटेच येणारे पाणी. ओसी न मिळालेली इमारत. बँकेकडे गहाण पडलेला फ्लॅट. भिंतीवर ओल आहे हे एजंटला माहीत असते आणि तो घर दाखवायला मात्र उन्हाळ्यातच बोलावतो.

आणखी एक हदीस या धंद्याच्या मुळावर बोट ठेवते. शहरातल्या माणसाने बाहेरून आलेल्या खेडुताचा माल विकू नये, असे प्रेषितांनी (स.) सांगितले होते. त्याचा अर्थ हज़रत इब्ने अब्बास (रजि.) यांना विचारला, तेव्हा ते म्हणाले, त्याचा दलाल बनू नये. एकाला बाजारभाव माहीत आहे, दुसऱ्याला नाही. त्या अज्ञानावर तिसऱ्याने पोट भरावे, हे दीनला पसंत नाही. कोकणातून, मराठवाड्यातून पहिल्यांदा मुंबईत आलेल्या कुटुंबाचे अज्ञान हीच अनेकांची कमाई असते. तेव्हा या अज्ञानावरचा उपाय दोन्ही बाजूंनी व्हायला हवा. एजंटला शिकवावे लागेल आणि गिऱ्हाइकानेही शिकावे लागेल.

सरकारने घेतलेली परीक्षा

संसदेने २०१६ मध्ये स्थावर संपदा कायदा केला. त्यालाच आपण रेरा म्हणतो. १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी महारेरा हे प्राधिकरण काम करते. या कायद्याने बिल्डरच्या प्रकल्पाबरोबर एजंटचीही नोंदणी सक्तीची केली. नोंदणी नसताना एजंटने अशा प्रकल्पातली सदनिका विकायला मदत केली, तर दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि तो वाढत त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

पण नोंदणी म्हणजे फक्त अर्ज आणि शुल्क. नोंदणी असलेल्या माणसालाही कार्पेट एरिया म्हणजे काय, हे सांगता येईलच असे नव्हते. म्हणून १० जानेवारी २०२३ रोजी महारेराने आदेश काढला : एजंटने २० तासांचे प्रशिक्षण घ्यायचे, परीक्षा द्यायची आणि उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळवायचे. त्याच्या ऑफिसात गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही ते लागू आहे. परीक्षेचे काम आयबीपीएसकडे दिले. बँकांच्या नोकरभरतीच्या परीक्षा घेणारी ही संस्था आपल्याच उपनगरात, कांदिवली पूर्वेला आहे. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजी झाली. ४२३ जण बसले, ४०५ उत्तीर्ण झाले.

आधीपासून नोंदणी असलेल्या एजंटांना प्रमाणपत्र मिळवण्यासाठी १ जानेवारी २०२४ पर्यंत वाढीव मुदत मिळाली. तरीही ज्यांनी ते घेतले नाही, अशा सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने २०२४ मध्ये स्थगित केली. हा आकडा वाचून थांबावे असा आहे. यातले काहीजण धंदा सोडून गेले असतील, हे खरे. पण काहीजण आजही दुकान उघडून बसलेले असू शकतात आणि त्यांच्या पाटीवर 'रेरा रजिस्टर्ड' तसेच लिहिलेले असू शकते. पाटी पाहून भागत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर एजंटचे नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून पाहता येतो. हे काम दहावीतली मुलगीही दोन मिनिटांत करते.

या प्रशिक्षणातून एजंटने काय शिकायचे? सर्वांत आधी मोजमाप. पूर्वी फ्लॅट 'सुपर बिल्टअप'वर विकला जाई. समजा, कागदावर ६५० चौरस फूट लिहिले आहे, पण त्यात जिना, लिफ्ट, लॉबी आणि जाड बाहेरच्या भिंतीही मोजल्या आहेत. पलंग ठेवायला गेल्यावर कळते की जागा साडेचारशेही नाही. रेराने व्याख्या बांधून दिली. कार्पेट एरिया म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. आतल्या खोल्यांमधल्या भिंती त्यात धरायच्या. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. प्रकल्पातली सदनिका याच मापाने विकायची. मापात मारणाऱ्यांसाठी पवित्र कुरआनात एक पूर्ण सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. तराजूच्या जागी आता टेप आली आहे, एवढाच फरक.

दुसरे, कागद. नोंदणी न झालेल्या प्रकल्पातले घर एजंटने विकायला हातही लावायचा नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प नोंदवावाच लागतो. बुकिंगच्या वेळी गिऱ्हाइकाला ज्या कागदांचा हक्क आहे ते सगळे मिळवून देणे, हे एजंटचे कायदेशीर कर्तव्य आहे. ती त्याची मेहेरबानी नव्हे. तिसरे, पैसे. विक्रीचा करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. "आज वीस टक्के भरा, उद्या भाव वाढणार" असे जो एजंट सांगतो, तो एकतर शिकलेला नाही किंवा शिकूनही बेइमान आहे. चौथे, जाहिरात. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे. मोबाईल धरला की प्रकल्पाची महारेरावरची माहिती उघडते.

जिथे परीक्षा संपते, तिथे आपण राहतो

आता दुसरे अर्धे. रेराच्या व्याख्येत एजंट म्हणजे गृहप्रकल्पातले घर किंवा भूखंड विकण्याच्या व्यवहारात मध्यस्थी करणारा. भाड्याचे घर दाखवणारा एजंट त्यात येत नाही. जुन्या इमारतीतला, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा फ्लॅट दाखवणाराही साधारणपणे येत नाही. म्हणजे बोरिवलीत दीड कोटीचा नवा फ्लॅट घेणाऱ्याच्या एजंटने परीक्षा दिलेली असते, आणि मालवणीत दहा हजारांची खोली भाड्याने घेणाऱ्या विधवेच्या एजंटने काहीच दिलेले नसते. ज्याच्याकडे वकील करायला पैसे आहेत त्याला प्रशिक्षित एजंट, आणि ज्याच्याकडे फक्त विश्वास आहे त्याला कोणीही.

दुसरीकडे काय आहे? आपल्यातल्या अनेक घरांतले कोणी ना कोणी दुबईत आहे. तिथे ब्रोकरला प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते, ब्रोकर कार्ड बाळगावे लागते, आणि भाडेकराराची 'इजारी'त नोंद होते, हे त्यांना विचारून पाहा. ब्रिटनमध्ये वेल्सने २०१६ पासून आणि स्कॉटलंडने २०१८ पासून भाड्याच्या घरांच्या एजंटांना प्रशिक्षणाची अट घातली. इंग्लंडमध्ये २०१९ साली एका सरकारी कार्यगटाने अशीच शिफारस केली. पण तिथे एक नियम त्याच वर्षी झाला, तो आपल्याला नवलाचा वाटेल : एजंटचे शुल्क भाडेकरूकडून घ्यायचे नाही, मालकाने द्यायचे.

आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा होईल. तोवर परीक्षा आपणच घ्यायची. भाड्याचे घर पाहायला जाताना पुढचे प्रश्न विचारले, तर एजंट किती पाण्यात आहे ते कळते.

घर कोणाचे आहे? चावी असणारा मालक असतोच असे नाही. भाडेकरूच मालक असल्याचे भासवतो, किंवा एकच खोली दोन-तीन कुटुंबांना डिपॉझिट घेऊन दिली जाते, अशा फसवणुका मुंबईत नव्या नाहीत. सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, खरेदीची नोंद म्हणजे ज्याला आपण इंडेक्स टू म्हणतो तो कागद, विजेचे बिल आणि मालकाचे ओळखपत्र यांवरची नावे जुळतात का, ते पाहावे. मालकाला प्रत्यक्ष भेटावे. डिपॉझिट मालकाच्या बँक खात्यात द्यावे, एजंटच्या हातात रोख नाही. झोपडपट्टी पुनर्वसनातले म्हणजे एसआरएचे घर विकत घेताना तर दुप्पट सावध राहावे. अशी घरे ठरावीक वर्षे विकता येत नाहीत. "पॉवर ऑफ अॅटर्नीवर होऊन जाईल" असे सांगणारा तुमच्या पैशांवर स्वतःची सोय पाहत असतो. म्हाडाचे घर मिळवून देतो म्हणणाऱ्याबाबत तर प्रश्नच नको. आपण कोणताही एजंट नेमलेला नाही, असे म्हाडा स्वतःच पुन्हा पुन्हा जाहीर करते.

दलाली किती आणि कशाची? मुंबईत भाड्याच्या घराला साधारण एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेण्याची रीत आहे. तो कायद्याने ठरलेला दर नाही, म्हणून घर पाहण्याआधीच बोलून घ्यावे, आणि मोबाईलवर लिहून घ्यावे. ११ महिन्यांनी करार वाढवताना पुन्हा दलाली मागितली जाते, तेही आधीच विचारावे. शरीयतमध्ये उजरत ठरलेली असण्यावर जो भर आहे, तो नंतर कटकट होऊ नये म्हणूनच.

करार नोंदवणार का? या प्रश्नाला सर्वांत जास्त महत्त्व द्यावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाला तर करारातल्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, ते खोटे असल्याचे सिद्ध होईपर्यंत. तरीही अनेक एजंट स्टॅम्प पेपरवर नोटरी करून हातात देतात आणि सांगतात, "हे पण चालतं." चालत नाही. खर्चाचा बाऊ केला जातो, म्हणून हिशेब पाहू. भाडे २० हजार, डिपॉझिट एक लाख, मुदत ११ महिने असेल, तर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क सहाशे रुपयांच्या आत येते आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते. यावर एजंट जे काही वरचे मागतो तो त्याचा मेहनताना आहे, सरकारी खर्च नव्हे.

हा कागद फक्त कोर्टासाठी लागत नाही. आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश घ्यायचा असेल, तर भाड्याने राहणाऱ्या पालकांना पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. दरवर्षी शाळांमध्ये पालक नोटरीचा कागद घेऊन येतात आणि परत जातात. ज्या शेजाऱ्याने हजार-दीड हजार रुपये खर्च करून करार नोंदवला, त्याच्या मुलाचा अर्ज पुढे सरकतो. मुलाची गुणवत्ता तीच, पालकांची गरिबीही तीच. फरक फक्त एजंटच्या एका सल्ल्याचा. पवित्र कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बक़रामधली २८२ वी, देण्या-घेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, हीच तिची शिकवण. आपण ती तिलावतीत वाचतो आणि बाहेर पडून नोटरीवर काम भागवतो.

हेवी डिपॉझिट कशासाठी? पाच-दहा लाख एकरकमी द्यायचे आणि भाडे द्यायचे नाही, किंवा नावापुरते द्यायचे, हा प्रकार आपल्या वस्त्यांत फार आहे. दर महिन्याची काळजी मिटते, म्हणून घरातल्यांनाही तो आवडतो. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, मालकाने ती रक्कम खर्च केली, तर ११ महिन्यांनी ती परत मिळवताना तोंडचे पाणी पळते. दोन, डिपॉझिट म्हणून दिलेले कर्ज आणि त्याच्या बदल्यात घराचा फुकट वापर, यात सूद येतो असे अनेक उलमा सांगतात. एजंटला हे विचारून उपयोग नाही. आपल्या मशिदीतल्या जाणकार मुफ्तींना सगळा व्यवहार सांगून विचारावे आणि मगच पैसे द्यावेत.

"सोसायटीत चालत नाही"

आता त्या वाक्याकडे येऊ, जे आपल्यापैकी कितीतरी जणांनी ऐकले आहे. फोनवर सगळे ठरते, संध्याकाळी घर पाहायला या म्हणतात, मग नाव विचारतात. पलीकडे क्षणभर शांतता आणि मग : "भाईसाब, मालकाला विचारून सांगतो." काही एजंट आधीच सांगतात, "तुमच्यासाठी कॉस्मोपॉलिटन बिल्डिंग बघू." शब्द गोड आहे, पण अर्थ एकच : बाकीच्या इमारती तुमच्यासाठी नाहीत. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मिश्र वस्तीतली अनेक कुटुंबे मुंब्रा, मीरा रोड आणि जोगेश्वरीकडे सरकली. त्यात भीती होती, तशी ही बंद दारेही होती. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही मुसलमानांना घर मिळण्यातल्या या अडचणीची नोंद आहे.

कायदा इथे तोकडा आहे, हे मान्य करावे लागते. राज्यघटनेचे कलम १५ सरकारला भेदभाव करू देत नाही आणि दुकाने, हॉटेले, विहिरी यांच्याबाबत नागरिकांनाही बांधते. पण खासगी मालकाने घर कोणाला द्यावे यावर ते थेट बोलत नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा पोटनियम वैध ठरवला. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने घर देताना वंश किंवा धर्म पाहण्यास मनाई केली, आणि एजंटच्या परवान्याच्या अभ्यासक्रमात हा कायदा शिकवला जातो. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातही एजंटला असे करता येत नाही. आपल्या २० तासांच्या प्रशिक्षणात हा धडा यावा, आणि भाड्याचे एजंटही या व्यवस्थेत आणावेत, ही मागणी कोणा एका समाजाची नाही. अविवाहित नोकरदार, ईशान्येकडून आलेली मुले, मांसाहारी कुटुंबे, दलित कुटुंबे, सगळेच हे सोसतात.

पण कायदा तोकडा असला, तरी रिकामा नाही. 'सोसायटी परवानगी देत नाही' हे भाड्याच्या बाबतीत बहुधा निमित्त असते. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला घर भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवावे लागते. भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी मालकाकडून जास्तीचे शुल्क घेते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. घर विकत घेताना सोसायटी सभासद करून घ्यायला अडवत असेल, तर सहकारी संस्था कायदा, १९६० चे कलम २३ सांगते की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. त्यावर निबंधकाकडे अपील करता येते. जाणता एजंट हे सोसायटीच्या सेक्रेटरीला शांतपणे दाखवू शकतो. न शिकलेला एजंट फक्त मान हलवतो.

इथे एक बोट आपल्याकडेही वळते. आपल्या वस्तीतले मालक आणि एजंट काय करतात? तलाक झालेल्या बहिणीला खोली नाही. एकट्या राहणाऱ्या नर्सला नाही. यूपी-बिहारवाला असेल तर नाही. काही ठिकाणी मसलक विचारला जातो. बाहेर आपल्याशी जे होते ते चुकीचे वाटते, मग आत आपण तेच कसे करतो? विधवेला आणि मुसाफिराला छप्पर देणे ही नेकी आहे, असे आपणच जुम्याच्या खुतब्यात ऐकतो.

आपली मुले आणि हा धंदा

आपल्या वस्त्यांत बारावीनंतर इस्टेट एजंटच्या दुकानात बसणारी मुले पुष्कळ आहेत. भांडवल कमी लागते, ओळखी असतात, जीभ चालते. या मुलांच्या आई-वडिलांना एक सांगणे आहे. त्याला नुसते 'दुकानावर बसतो' राहू देऊ नका. महारेराचे प्रशिक्षण आणि परीक्षा द्यायला लावा. त्यानंतर एका व्यक्तीची नोंदणी १० हजार रुपयांत पाच वर्षांसाठी होते. एका व्यवहाराच्या दलालीतूनही ही रक्कम निघते.

याचा फायदा फक्त धंद्यापुरता नाही. प्रमाणपत्र असलेला आपला मुलगा मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या नव्या इमारतीतही घर दाखवू शकतो. त्याची चौकट मोहल्ल्यापुरती राहत नाही. संगणकावर होणारी ही परीक्षा नाव पाहून गुण देत नाही. आणि तो इमानदार निघाला, तर ज्या सेक्रेटरीने आपल्या लोकांविषयी गैरसमज करून घेतला आहे, त्याच्याशी पहिले सरळ बोलणे त्याचेच होईल. भाषणांनी जे होत नाही, ते कधी कधी वेळेवर परत केलेल्या डिपॉझिटने होते.

मुलींनीही याकडे पाहावे. घर पाहायला बहुधा घरातली स्त्रीच येते. मोरीचा उतार, स्वयंपाकघरातला उजेड, गॅलरीला जाळी, शाळेपर्यंतचा रस्ता, रात्री दिवे असतात का, हे तिला विचारायचे असते आणि अनोळखी पुरुषाला विचारताना ती संकोचते. ज्या मुलीला मराठी, उर्दू, हिंदी तिन्ही येतात आणि करार वाचून समजावता येतो, तिला या उपनगरांत कामाची कमी पडणार नाही. वेळ आपल्या हातात, काम घराजवळ, कमाई हलाल.

मशिदीच्या कमिट्या, जमाती आणि महिला मंडळे आणखी एक करू शकतात. वर्षातून एखादा रविवार भाडेकरार समजावण्यासाठी ठेवावा. एखादा वकील, एखादा प्रमाणित एजंट आणि ऑनलाइन नोंदणी करून दाखवणारा एखादा तरुण पुरेसा आहे. प्रवेशाच्या हंगामाआधी, डिसेंबरात हे झाले, तर कितीतरी मुलांचे आरटीईचे अर्ज वाचतील.

घर ही अल्लाहची मोठी नेमत आहे. सूरह नह्लमध्ये अल्लाहने आपल्या उपकारांत घराला सुकूनची जागा म्हणून मोजले आहे. त्या सुकूनपर्यंत नेणारा माणूस शिकलेला असावा, त्याचे माप पुरे असावे आणि त्याने ओले धान्य वर ठेवावे. परीक्षा घेणारे सरकार आज फक्त अर्ध्या रस्त्यापर्यंत आले आहे. उरलेला अर्धा रस्ता गिऱ्हाइकाच्या प्रश्नांनी आणि एजंटच्या ईमानाने चालायचा आहे. अल्लाह आपल्या व्यवहारांत बरकत देवो आणि प्रत्येक बेघराला हक्काचे छप्पर देवो. आमीन.